सातमोडीवरून काय दिसते

येरमटोला, ता. धानोरा
२८ नोव्हेंबर २०२३

इंदू,

सगळ्यात आधी पोचू आला. जीपवाले नाई, आपल्या गावातला पोचू. सायकलीवर, उघड्या अंगानं, दुरूनच बोंबलत, "कुंताबाई, तुमचे पाहुने नाल्यात फसले!" मी म्हनलं बापा, बुडाले का काय. जीप फसली होती खाली. पाहुने काठावर उभे राहून आपल्याच जीपचे फोटो काढून राह्यले होते. मंग आमच्या बुढ्यानं बैल नेले, दोर लावला, अन् जीप निघाली. बैलायचे पन फोटो काढले. एवढे फोटो तं आमच्या लग्नातबी नोते.

तीन जन होते. एक रीता मॅडम, पन्नाशीची असंन, पन पँटीत. एक राजदीप सर, गळ्यात मोठा कॅमेरा. अन् जीप हाकनारा. चंद्रपूरचे हायेत. दर ऐतवारी लोकायले पहाडी चढाले नेतात. काम नाई, देव नाई, नुसतं चढाचं अन् उतराचं. बुढा म्हने, "सरपनबी नाई आनत का वरून?" मी म्हनलं चूप बसा, ऐकू जाईन.

मांगच्या कागदात लिवलं होतं तेच हे लोक. आपल्या सातमोडीची वाट पाहाले आले. त्यायले पसंद पडली तं उन्हाळ्यापावतर माणसं घेऊन येतील, अन् वाट दाखवाचं काम आपल्या नातीले, दिव्यानीले. दिवाळीपासून पोट्टीनं गावातल्या चार जनायले घेऊन सारी वाट साफ केली, काटे तोडले, सुटे धोंडे बसवले. हाताले फोड आले. त्यायनं नाई म्हनलं तं मंग एक जानेवारीले तुह्या पोरानं, अजयनं पाहून ठेवलेली दवाखान्यातली नोकरी, पेशंटायचे नाव लिवाची. इंदू, बहिनीचं वाईट नको मानू. अजयनं चांगलंच केलं. पन तिचे मायबाप तेलंगणात बिल्डिंगीवर, अन् ही गेली का घरात मी अन् बुढा. बुढा बोलते ते बैलासंगं.

तं चढाचं सांगतो. मी पहिल्या मोडापावतरच जानार होती. राजदीप सर सरळ चढाले निघाला, मासोळीचे जाळे घेऊन माणसं जात त्या वाटेनं. दिव्यानी म्हने, "सर, तिकडून नाई. ते धोंडे पायाखालून पळतात. ही बायकायची वाट हाये, लांब हाये पन पाय घसरत नाई." तो हसला, पन ऐकला. प्रत्येक मोडावर आपला इसाव्याचा धोंडा हाये ना, खांद्याएवढा उभा, मासोळीचा टोपला कोनाच्या मदतीबिगर उतरवता यावा म्हून ठेवलेला? राजदीप सरनं बूट काढून त्याले नमस्कार केला. मी एवढी हसली का खाली बसली. मी म्हनलं, "बाबू, तो देव नाई, टेबल हाये."

रीता मॅडमनं दुसऱ्या मोडावर मले इचारलं, "आजी, वरून दरी कशी दिसते?" मी म्हनलं, मले नाई मालूम. तिले वाटलं मी मजाक करतो. "चाळीस वर्षं चढलात म्हणाल्या ना?" म्हनलं, हो, चाळीस वर्स. तरी नाई मालूम. ती हसली अन् दिव्यानीसंगं पुढं गेली.

मंग मले चढूच येईना. गंमत पाह्य, डोक्यावर काई नाई तं माहे पाय वाकडेतिकडे पडाले लागले. अंग हलकं झाल्यावानी, हवा आली तं उडून जाईन असं. राजदीप सरची बॅग होती, चांगली वजनदार. मी पदराची चुंबळ केली अन् बॅग डोक्यावर घेतली. तो "नको नको आजी" करत मांगं. मी त्याच्या हातावर एक थापड देली. मंग काय, चौथ्या मोडापावतर हरनीवानी गेली! त्यानं मांगून माहा फोटो काढला. म्हने, "आजी नंबर वन."

उतरताना रीता मॅडम काई बोलली नाई. थकली असंन. चहा पन अर्धाच पेली. बाकी सारं चांगलं झालं. मले वाटते होकारच येईन.

तुले फोनवर ऐकू येत नाई अन् इथी फोन लागत नाई, म्हून एवढं लिवलं. साक्षरता वर्गातल्या बाईनं शिकवलेलं तुह्याच कामी येऊन राह्यलं. आमचे धान कापून झाले. तुहा गुडघा कसा हाये?

कुंता

*

माजरी
६ डिसेंबर २०२३

कुंताबाईले,

तुहा कागद भेटला. तू हसत लिवलं, मी वाचून डोक्याले हात लावला.

तो फोटो साऱ्या दुनियेत फिरून राह्यला. अजयनं काल डबा खाता खाता मोबाईलवर दाखवला. तू वाकलेली, पाय उघडे, डोक्यावर ही एवढी बॅग, अन् पुढं दिव्यानी मोकळ्या हातानं. खाली लोकायनं काय काय लिवलं. म्हातारीकडून हमाली करून घेतात. लाज नाई वाटत. नात पुढं पुढं, आजी बैल. कोनी तं दिव्यानीचं नाव घालून लिवलं. अजय एकेक दाखवत गेला, मी वाचलं अन् म्हनलं बस कर.

मॅडम थकली नोती बाई. ती रागानं चूप होती. एवढं तुले कसं समजलं नाई?

त्या मॅडमच्या लोकायनं तिथंच खाली लिवलं का आम्ही त्या गावात पुन्हा जानार नाई.

तुले बॅग घ्याची काय गरज होती? तू एकदा मले नेलं होतं त्या पहाडीवर, मी पहिल्या मोडावरूनच वापस आली, तेच बरं केलं. आता पोरीले रडवू नको. तिचे कपडे भर अन् एक तारखेच्या आत इकडं पाठव. इथी माही खोली मोठी हाये. एका बाजूनं तिची खाट मावते. दवाखाना चालत दहा मिंट.

गुडघा तसाच हाये.

इंदू

*

येरमटोला
१२ डिसेंबर २०२३

इंदू,

तुहा कागद येच्या आधीच आमाले समजलं होतं. दिव्यानी गुरुवारी पहाडीवर गेली मोबाईल पाहाले, रेंज तिथीच भेटते. गेली तं हासत, आली तं तोंड असं. बुढ्यानं इचारलं काय झालं. म्हने, "आबाजी, नाई म्हनले." एवढंच. फोटोचं मले तिनं सांगतलंच नाई. मले वाटलं वाट अवघड वाटली असंन. तुह्या कागदानं समजलं का कारन मी हावो.

मी तिले इचारलं, काऊन नाई सांगतलं? तं म्हने, "तुले वाईट वाटलं असतं." अन् दोरीवरचे कपडे काढून घडी घालाले लागली. दोन दिवस झाले, तोच तोच झंपर तिसऱ्यांदा घडी करून राह्यली.

मंग मी बुढ्याले इचारलं, माहं चुकलं का? बुढा जाळं इनून राह्यला होता. म्हने, "तुह्या डोक्यावर टोपला नसला तं तू आंगनातबी नीट चालत नाई, हे त्यायले कसं मालूम असनार? तू सांगतलं का?" नाई सांगतलं. मले वाटलं, साऱ्यायले मालूमच असते.

तं मी रीता मॅडमले कागद लिवला. दिव्यानीनं पत्ता देला, पन कागद वाचू देला नाई मी तिले. एक खाडाखोड झाली म्हून दुसऱ्यांदा लिवा लागला. पयला इथंच पडला होता, तो तुले ह्या कागदात पाठवतो. वाच अन् सांग, काई उलटसुलट तं नाई ना.

कपडे मी अजून पेटीत ठेवू देले नाई. म्हनलं, पोत्यायच्या खाली पेटी हाये, धान इकल्याबिगर निघत नाई. खोटं हाये ते.

कुंता

(मॅडमले पाठवलेला कागद)

रीता मॅडमले कुंता मनसाराम मेश्राम, येरमटोला, हिचा नमस्कार.

मॅडम, बॅग मले कोनी देली नाई. मी घेतली. राजदीप सरले मी थापड मारली, त्याची माफी. दिव्यानी पुढं होती, तिले मालूमच नोतं.

आम्ही तलावातल्या मासोळ्या पहाडीपलीकडच्या बाजारात नेत होतो. मी लगन होऊन आली तवापासून. टोपला डोक्यावर, तीन पायल्या धानाएवढं वजन. वाट आमच्या सासवायनं केली, म्हून तिले एवढे मोड. सरळ चढलं तं टोपला मांगं जाते. मान हालली का मासोळी खाली. म्हून नजर पायापुढच्या धोंड्यावर, वर नाई, बाजूले नाई. इसाव्याचे धोंडे पन पहाडीच्या अंगाले हायेत, टोपला उतरवताना पाठ दरीकडं. येताना डोक्यावर धान. मासोळी सडते म्हून थांबाचं नाई. तुमी इचारलं दरी कशी दिसते. म्या कधी पायलीच नाई. मजाक नोती केली.

आता डोक्यावर वजन नसलं का मले भेव लागते. हे तुमाले समजनार नाई. तुमी एकदा या, मी तुमच्या डोक्यावर टोपला देतो, पहिल्या मोडापावतर चाला. मंग बी तुमाले वाटलं का दिव्यानी आजीकडून हमाली करून घेते, तं नका येऊ. तिनं हाताले फोड येईपावतर वाट साफ केली. तिले माह्या बॅगची शिक्षा नका देऊ.

एक तारखेले ती जानार हाये.

कुंता

*

चंद्रपूर
२० डिसेंबर २०२३

आदरणीय कुंताबाई,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. राजदीपलाही वाचून दाखवलं. फोटो त्याने कौतुकानेच टाकला होता, खाली लोक काय लिहितील हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याने तो काढून टाकला आहे आणि तुमच्या थापडेबद्दल त्याची काही तक्रार नाही.

चूक माझीही आहे. मी मागे वळून पाहिलं, तुमच्या डोक्यावर बॅग दिसली आणि मी मनात सगळं ठरवून टाकलं. तुम्हाला किंवा दिव्यानीला एक शब्द विचारला नाही. वर आमच्या नावाने नकारही लिहून मोकळी झाले.

पण मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. आमच्या मंडळात माझ्याखेरीज चौघे आहेत आणि त्यांचं मत अजून तेच आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं आहे की मला पुन्हा एकदा जाऊन येऊ द्या. रविवार ७ जानेवारीला मी, राजदीप आणि त्या चौघांपैकी एक, अतुल, असे येतो. एक तारखेपूर्वी जमत नाही, याचं वाईट वाटतं. दिव्यानीला थांबता येईल का?

टोपली तयार ठेवा.

रीता

*

माजरी
२८ डिसेंबर २०२३

बाई,

तुहा कागद अन् मॅडमले लिवलेला, दोन्ही भेटले. त्यातलं एक अक्षर उलटसुलट नाई. मले पन मालूम नोतं का तू दरी पायली नाई. मले वाटे, बाई रोज वर जाते, रोज पाहात असंन.

दिव्यानीचा फोन अजयले आला होता, पहाडीवरून. सात तारखेपावतर थांबू का म्हून. अजय चिडला, म्हने दवाखानेवाले रस्ता पाहून राह्यले का. मी त्याच्या हातून फोन घेतला. मले तिचं काई ऐकू आलं नाई, पन मी म्हनलं थांब. मंग अजयले दवाखान्यात पाठवलं. दहा तारीख देली त्यायनं. त्याच्या पुढं नाई.

आता एक खरं सांगतो. हे कोनाले वाचून दाखवू नको. नोकरी अजयनं नाई पायली. मी पायली. चालत जाऊन, ह्या गुडघ्यानं. अजय पाळीवर, सून शिलाईच्या दुकानात, पोट्टे शाळेत. घरी कोनी आलं तरी मले ऐकू येत नाई म्हून कोनी बोलत नाई, हात हलवून जातात. मले वाटलं दिव्यानी आली तं संध्याकाळी कागदावर लिवून का होईना, कोनी बोलंन. तिचं भलं व्हावं हेबी होतं मनात. पन आधी माहं होतं.

म्हून मॅडमनं नाई म्हनलं ते वाचून मले आतून बरं वाटलं होतं बाई. तुह्या डोक्यावरच्या बॅगवर राग नोता आला. राग आल्यासारखं लिवलं.

सात तारखेचं काय झालं ते लिव. लवकर लिव.

इंदू

*

येरमटोला
९ जानेवारी २०२४

इंदू,

तुहा कागद मी कोनाले दाखवला नाई. चुलीमांगच्या देवळीत ठेवला. त्याचं मंग लिवतो. आधी सात तारखेचं सांगतो, नाई तं तू कागद उलटवून शेवट आधी वाचशीन, लहानपनापासून तुही तीच खोड.

अतुल म्हनून जो आला तो जाडा, कडक, नाकावर चष्मा. आला तसा म्हने, "आम्ही फक्त वाट बघणार." चहा नको, पोहे नको. बुढा माह्या कानात म्हने, "हा ग्रामसेवकाचा मावसभाऊ असंन."

पहिल्या मोडाच्या खाली मी टोपला काढला. अर्धी पायली धान, लहान पोरीलेबी जड नाई एवढं. रीता मॅडमच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, टोपला ठेवला. म्हनलं, हात सोडा. तिनं सोडला नाई. म्हनलं, सोडा, हात लागला का टोपला डुलते. सोडला. दोन पावलं गेली, तिसऱ्याले धान सांडलं. कोंबडी असती तं खुश झाली असती. पुन्हा भरलं. पहिल्या मोडापावतर तिले एवढा वेळ लागला का पोचूनं तेवढ्यात दोन बिड्या ओढल्या. इसाव्याच्या धोंड्यावर टोपला सरकवला तवा तिचं कपाळ घामानं भिजलेलं. मंग अतुलले म्हने, "मी इतका वेळ फक्त माझे बूट पाहिले. मागे काय होतं, मला माहीत नाही. एकदा तुम्ही करून बघा."

अतुल म्हने मी कशाले. राजदीप सर म्हने, सर, घाबरले काय? मंग काय, घेतला. अवं इंदू, तो एवढा मोठा मानूस, चष्मा घसरून राह्यला नाकावर, अन् हात हालवला का टोपला डुलते म्हून तो वर करता येईना! दिव्यानी एका बाजूनं सांगून राह्यली, "सर, मोडावर वळताना आधी पाय वळवा, मंग अंग. मान नाई." तसं केलं तं नीट वळला. त्यानं तवा दिव्यानीकडं पहिल्यांदा पायलं. म्हने, "वाट अशी वळवलीय ती यासाठी?" ती म्हने, "हो सर. हे मोड पाहुन्यायसाठी नाई, टोपल्यासाठी हायेत." मंग त्यानं दोरीनं वळनं मोजली, वहीत लिवलं, पन आता आवाज वेगळा होता.

मंग रीता मॅडम मले म्हने, "आता तुम्ही. डोक्यावर काही नाही."

मी म्हनलं नाई. खरंच भेव लागलं. बुढा खालून वरडला, "जाय ना, बॅग घेऊन धावत होती तवा कोनी इचारलं होतं का?" दिव्यानीनं एक हात धरला, मॅडमनं एक. दुसऱ्या मोडापावतर मी दारू पेल्यासारखी चालली. पोचू हासून राह्यला, त्याले मी जागेवरच दोन शिव्या देल्या. तिसऱ्यापासून पाय थोडे बसले. चौथ्यावर दिव्यानी म्हने, "आजी, धोंड्याकडं नको. इकडं वळ." अन् माहे खांदे धरून फिरवलं.

इंदू, तलाव एवढासा हाये. आपन ज्याले समुद्र म्हनतो तो. जेवाच्या थाळीएवढा, त्यात कोनाचातरी डोंगा, मुंगी चालल्यावानी. कापलेल्या धानाच्या बांध्या पिवळ्या, मधी मधी मोहाची झाडं हिरवी. मी माहं घर शोधलं. कौलावर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्याच्यानं ओळखलं. अन् खाली वाट दिसली. माहीच वाट. इकडून तिकडं, तिकडून इकडं, कोनी पोरानं पाटीवर रेघोट्या मारल्यावानी. मी म्हनलं, एवढं चालली का मी? रोज?

दिव्यानी रडून राह्यली. मी नाई रडली. मी पाहून राह्यली होती. तिले म्हनलं, मंग रड, आधी सांग तो धूर कुठचा. ती म्हने, "आजी, ते आपल्या पोचूचं घर, बायकोनं चूल पेटवली." पोचूले तिथूनच सांगतलं, जाय, भाकर झाली तुही. सारे एवढे हसले का जीप हाकनारा बी खालून हासाले लागला, काऊन ते मालूम नसताना.

उतरल्यावर अतुलनं पोहे मागून खाल्ले. दोनदा. अन् म्हने, वाट उत्तम हाये, मंडळाले मी सांगतो. फक्त एक अट. पाहुन्यायची बॅग पाहुन्यायनंच न्याची, अन् पहिल्या मोडाच्या आधी ज्याले वाटंन त्यानं टोपला डोक्यावर घेऊन पाहाचा. ते दिव्यानी शिकवनार. राजदीप सरनं आता माहा दुसरा फोटो काढला. डोक्यावर काई नाई, तोंड दरीकडं. खाली काय लिवाचं ते दिव्यानीले इचारून लिवलं. दिव्यानीनं एवढंच लिवलं, "माही आजी. ही वाट तिची." आज सकाळी होकाराचा निरोप आला, पहाडीवरच.

तं अजयले सांग, दहा तारखेची जागा कोन्या गरजवाल्या पोरीले देऊन टाका म्हना. चिडंन तो. चिडू दे. दिव्यानीनं त्याले फोन केला, पन तुले मी लिवतो.

आता तुहं. तू स्वतःसाठी नोकरी पायली, ते वाईट नाई. मी पन पोत्याखाली पेटी हाये म्हून खोटं बोलली, ते कोनासाठी? आपन दोघीबी त्या पोट्टीले आपल्याकडं ओढून राह्यलो होतो. तिनं आपनहून इथी राहाचं ठरवलं, त्यात तुही हार नाई.

पन तुह्या खोलीत एक खाट रिकामी राहीन हे मले दिसते. म्हून तूच ये. मी रीता मॅडमले इचारलं, चंद्रपूरवरून येताना माह्या बहिनीले जीपमध्ये आनशान का? ती म्हने, पुढच्या सीटवर बसवतो. अजयले फक्त चंद्रपूरच्या बसस्टँडपावतर सोडाले सांग. तुले चढाचं नाई. पहिल्या मोडाखाली खाट टाकतो, तिथी बस अन् टोपले सांडनाऱ्यायले पाहात राहा. महिनाभर राहा. संध्याकाळी दिव्यानी पाटीवर लिवंन, तू मोठ्यानं बोल, आमाले सारं ऐकू येते. बुढा तं ऐकून ऐकून तंग होईन, होऊ दे.

येताना गुडघ्याचं तेल आन, अन् शाल. इथी पहाटे थंडी लय.

ते लोक एकवीस जानेवारीले येनार. ऐतवार हाये. आठ जन येनार, तू धरून नऊ. दिव्यानीनं दाराच्या चौकटीवर खडूनं तारीख लिवून ठेवली.

कुंता